माणसाच्या चालीनं

"चाचा, हे तीन आहेत. सांगा, यातला कुठला?"

रोहननं बॉनेटवर कागद पसरला आणि उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवला. कागद इंटरनेटवरून काढलेला होता. अमेरिकेतलं कुठलंसं दुकान जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी नवे कॅमशाफ्ट बनवून विकत होतं, त्यांची चित्रं होती. मैनुद्दीननं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. बिबवेवाडीतल्या त्याच्या गॅरेजात इतका गुळगुळीत कागद बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात आडवा फिरणारा लोखंडी दांडा. त्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह ढकलतात आणि इंजिनानं श्वास केवढा घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, ते ठरवतात. उंचवटे बेताचे असले की इंजिन संथ आणि मऊ चालतं. ते वाढवले की गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट सुटते, पण हळू चालताना धापा टाकते, आचके देते. दोन्ही एकदम मिळत नाही. हे मैनुद्दीनला नमाजाच्या वेळांइतकं पक्कं ठाऊक होतं.

"फोरमवर लोक म्हणतायत, पहिला सेफ आहे," रोहन म्हणाला. "पिकअप थोडा वाढेल, पण आयडलिंगला प्रॉब्लेम नाही. एक्स्प्रेसवेवर ट्रकवाले मागून हॉर्न मारून जीव खातात हो. पण बाबांना वरातीला पण लागते ना गाडी."

"थोड्यासाठी कुणी इंजिन उघडतं का?" मैनुद्दीननं बोट खाली सरकवलं. "हा तिसरा आण."

"स्लो चालेल ना पण?"

"मी बसवणार आहे ना?"

हे काही उत्तर नव्हतं. पण पुण्यात प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा माणूस जाणकार समजला जातो. रोहन समाधानानं कागदाची घडी घालून गेला. त्याची कंपनी त्याला पुढच्या महिन्यात अमेरिकेला पाठवणार होती. येताना बॅगेतून कॅम घेऊन येणार होता.

मैनुद्दीनच्या मनात काय चाललं होतं, ते सांगायला हवं. तरुणपणी तो कॅम्पातल्या एका मोठ्या गॅरेजात कामाला होता. तिथे शर्यतीच्या गाड्या यायच्या. त्यांची इंजिनं उस्ताद स्वतः उघडायचे आणि मैनुद्दीनला चाकं धुवायला सांगायचे. पुढे त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं, फियाट-अँबॅसिडर करता करता संसार केला, पोरीचं लग्न लावून दिलं. मग नव्या गाड्या आल्या. बॉनेट उघडलं की आत नुसतं काळं झाकण, आणि दुखतं कुठे ते कॉम्प्युटर सांगणार. गिऱ्हाइकं कंपन्यांच्या काचेच्या सर्व्हिस स्टेशनांत जाऊन गार हवेत कॉफी पिऊ लागली. शेजारचं टायरचं दुकान उठून तिथे जावा शिकवणारा क्लास आला. तिथे मोटरसायकल शिकवतात असं मैनुद्दीनला बरेच दिवस वाटत होतं. अशा दिवसांत एक शिकलेला मुलगा येऊन विचारत होता, की इंजिन पळवायचं कसं. साठी उलटलेल्या माणसाला मोह होऊ नये असं कुठे लिहिलंय? त्याला झाला.

पण गाडी रोहनची नव्हती. ती त्याच्या वडिलांची, रामदास ओव्हाळांची होती. रामदासभाऊ पाटबंधारे खात्यात खडकवासल्याला नोकरी करून निवृत्त झालेले. बोलायला तुटक, वागायला सरळ. ही चोपन्न सालची शेव्हरले त्यांनी एका पारशी कुटुंबाकडून घेतली, तेव्हा वस्तीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. आयुष्यभर सायकलवर कामाला गेलेल्या माणसाला ही थोरली मोटार कशाला हवी? कारण त्यांनी एकट्या मैनुद्दीनला सांगितलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाची, उत्तरेश्वरदादांची वरात गावात चावडीपुढे अडवली होती. "घोड्यावरून उतरा," गावकरी म्हणाले. दादा उतरले आणि बाशिंग बांधलेली मान खाली घालून चालत गेले. रामदास तेव्हा लहान होते. दादांचं बोट धरून चालले होते.

पुढे घर पुण्याला आलं, सगळ्यांनी दीक्षा घेतली, बाशिंगं गेली, चावडीही मागे राहिली. पण वस्तीतल्या प्रत्येक लग्नात रामदासभाऊंची शेव्हरले पुढे असायची. भाडं नाही, पेट्रोलसुद्धा घ्यायचं नाही. अट एकच. नवरा-नवरी दारापासून दारापर्यंत बसून जाणार. मधे कुणी उतरायचं नाही.

वरातीत गाडी पळवायची नसते, नाचणाऱ्यांच्या पावलानं चालवायची असते. म्हणून इंजिनाचं काही काम झालं की दोघांची एक रीत होती. रामदासभाऊ पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. मैनुद्दीन बंपरला लागून, गाडीकडे पाठ करून चालायला लागायचा, गल्लीच्या टोकापर्यंत. मागे वळून बघायचं नाही. गाडीनं त्याच्या पोटरीला शिवायचं नाही आणि मागेही पडायचं नाही. याला ते पाठ देणं म्हणत. पाठ दिल्याशिवाय ती गाडी कधी गॅरेजाबाहेर गेली नव्हती.

रोहन अमेरिकेहून परतला. बॅगेत कपड्यांत गुंडाळलेला कॅम होता, सोबत त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारी नवी टॅपेटं. मैनुद्दीननं रेडिएटर काढला, जाळी काढली आणि स्वतःच्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसा जुना दांडा हळूच ओढून बाहेर घेतला. तेलाचं फडकं गुंडाळून तो खिळ्याला उभा टांगला, कारण आडवा ठेवला की वाकतो. जुनी टॅपेटंसुद्धा त्यानं भोकं पाडलेल्या फळीत क्रमानं लावून ठेवली. खरं म्हणजे त्यांचं आता काही काम नव्हतं. भंगारात टाकली असती तरी चाललं असतं. पण हाताला ठाऊक होतं, मन कबूल होत नव्हतं.

वारज्याच्या बायपासला दोघांनी गाडी नेली. रोहननं पाय दाबला आणि म्हातारीनं असा हुंकार दिला की मैनुद्दीन मोठ्यानं हसला. उस्ताद जिवंत असते तर त्यांना मागच्या सीटवर बसवलं असतं, असं त्याला वाटलं. परत येताना सिग्नलला मात्र इंजिन धडधडायला लागलं. आरशातली माणसं हलत होती.

"चाचा, थरथरतेय."

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

गॅरेजात आल्यावर त्यानं कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग थोडा चढवून ठेवला. धडधड झाकली गेली. दुखणं होतं तिथेच राहिलं.

रामदासभाऊ गाडी बघायला आले, तेव्हा त्यांनी दारातच कान टवकारला. "आवाज बदललाय."

"ताकद वाढवलीय, भाऊ. रोहनला हवी होती."

"मला काय कळतंय त्यातलं. तू म्हणशील ते." ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. "चल, पाठ दे."

मैनुद्दीन हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"आज राहू द्या, भाऊ. गुडघा धरलाय."

"गुडघा? काल तर पत्र्यावर चढला होतास."

"तेव्हाच धरला."

रामदासभाऊंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग गाडीतून उतरले आणि किल्ली रोहनच्या हातात दिली. लग्नसराईपर्यंत गाडी रोहनकडे, त्याच्या वारज्याच्या घरीच राहिली.

मे महिन्यात राकेशचं लग्न निघालं. राकेश म्हणजे उत्तरेश्वरदादांचा नातू. दादा आता ऐंशीच्या पुढचे, काठीशिवाय चालत नव्हते. पांढरा सदरा, खांद्यावर निळं उपरणं अशा थाटात ते पुढच्या सीटवर भावाशेजारी बसले. मागे राकेश आणि सोनाली. बँडनं सूर धरला, पोरं नाचायला लागली. मैनुद्दीन ठेवणीतला सदरा घालून गर्दीत होता, आणि त्याचं लक्ष नाचणाऱ्यांकडे नव्हतं, सायलेन्सरच्या आवाजाकडे होतं.

गाडी पहिल्यांदा हिसका घेऊन पुढे गेली, तेव्हा नाचणारी पोरं हसत बाजूला पळाली. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. रामदासभाऊंनी क्लच अर्धा दाबून धरला. दाबून धरला की गाडी थांबे, सोडला की आचके देई. जळक्या क्लचचा वास मैनुद्दीनच्या नाकाशी आला. मग इंजिन बंद पडलं. भाऊंनी चालू केलं, दोन हात पुढे नेलं, पुन्हा बंद पडलं. चौकात अगदी मधोमध ते पुरतंच गप्प झालं. मागून बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना.

"अहो, वरात आहे का पार्किंग?" स्कूटरवरचा एक गृहस्थ म्हणाला.

"उतरूया रे आपण," राकेश मागच्या सीटवरून हसत म्हणाला. "मस्त नाचत जाऊ. चल, सोनाली." तो उतरलासुद्धा. त्याच्या पिढीला उतरणं म्हणजे नुसतं उतरणं होतं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बँडवाल्यांना चेव आला.

रामदासभाऊंनी भावाकडे बघितलं. "दादा, जरा उतरावं लागेल. गाडी ढकलायचीय."

"ढकला," उत्तरेश्वरदादा समोर बघत म्हणाले. "मी उतरणार नाही."

मग त्यांना आत बसवूनच गाडी ढकलायची ठरली. पाच-सहा जण मागे लागले, त्यांत मैनुद्दीन होता. डिकीचा पत्रा उन्हानं तापलेला होता. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"पाय चुकला माझा, दादा," रामदासभाऊ म्हणत होते. "क्लच नीट सुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा चुकला, आणि तुमच्याच वेळेला."

"असू दे रे," दादा म्हणाले. "वय झालं आपलं."

त्याच वेळी खिडकीशी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. मैनुद्दीनच्या ते ओठांवर आलं, आणि बँडच्या गलक्यात कुणाला ऐकू येणार, असं म्हणून त्यानं गिळलं. माणसाला गप्प बसायचं असलं की बँडसुद्धा कामी येतो. त्यानं नुसता जोर लावला.

त्या दिवसानंतर रामदासभाऊंनी स्टिअरिंगला हात लावला नाही. रोहननं समजूत काढली, पण ती अशी: "बाबा, मी चालवतो तेव्हा काही होत नाही. हेवी क्लच आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?" रोहन चालवायचा ते हायवेला, रिकाम्या रस्त्यावर. तिथे गाडी खरोखरच पाखरासारखी जायची. एका रविवारी त्याचा फोन आला, "चाचा, शंभरच्या वर गेली! सगळे विचारतायत मेकॅनिक कोण म्हणून." ज्या शाबासकीसाठी मैनुद्दीननं जन्म काढला, ती अशी कानावर आली. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दुपारभर एकाच स्कूटरचा एकच नट घट्ट करत बसला.

संध्याकाळी रामदासभाऊ गॅरेजात चहाला येत, ते येतच राहिले. एकदा बाकावर बसून ते चपलेतला पाय वर-खाली करत होते. मैनुद्दीननं विचारलं, काय झालं.

"व्यायाम. डॉक्टरला दाखवला पाय. म्हणे ठणठणीत आहे." ते कोरडं हसले. "त्याला काय जातंय म्हणायला? त्याला थोडीच वरात चालवायचीय."

चहात साखर आधीच होती. मैनुद्दीननं आणखी एक चमचा घातला आणि ढवळत राहिला. आज सांगू, असं तो रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचा आणि रोज संध्याकाळी शटर ओढताना उद्यावर टाकायचा. खिळ्याला टांगलेल्या त्या दांड्याकडे पाठ करून बसायची त्याला सवय लागली.

दिवाळीच्या आसपास उत्तरेश्वरदादा गेले. वस्तीतून शववाहिनी निघाली, तिच्यामागे माणसं चालत होती. मैनुद्दीनही होता. परतताना रामदासभाऊ त्याच्याजवळ आले. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र नेहमीसारखा.

"शेवटचं आपल्या गाडीमागून न्यायचं मनात होतं रे. गाडी पुढे, माणसं मागे. पण पायाचा भरवसा वाटेना. पुन्हा मधेच बंद पडली असती तर?"

मैनुद्दीनला रस्ता दिसेना. आपण एका माणसाचा पाय कापून ठेवलाय आणि वर रोज त्याला चहा पाजतोय, असं त्याला वाटलं.

घरी बायकोनं, नसीमबानूनं ताट वाढलं. ते तसंच राहिलं.

"क्या हुआ जी? खाना क्यूँ नहीं खाए?"

त्यानं सांगितलं. कागद, तिसरा कॅम, गुडघा, चौक, सगळं. तिनं भाताचं पातेलं झाकलं. शेवटी ताट उचलता उचलता म्हणाली, "गाडी तो ठीक कर दोगे. वो तुम्हारा काम है. उनके पाँव का क्या करोगे?"

सकाळी त्यानं आधी रोहनला फोन केला. रोहननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला, चाचा." एवढंच. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर येऊन त्यानं गाडी गॅरेजात लावली आणि चहाही न घेता गेला.

मैनुद्दीननं इंजिन पुन्हा उघडलं. खिळ्यावरचा दांडा काढला, फडकं सोडलं. गंजाचा ठिपका नव्हता. टॅपेटं फळीवरून एकेक करून ज्याच्या त्याच्या जागी गेली. जळलेला क्लच बदलला. इंजिन चालू केलं, तेव्हा गॅरेजात इतकं शांत वाटलं, की शेजारच्या क्लासातले मास्तर काय शिकवतायत ते ऐकू आलं.

गाडी घेऊन तो रामदासभाऊंच्या दारात गेला. भाऊ ओट्यावर पेपर वाचत होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी पेपर खाली केला, पण उठले नाहीत.

"भाऊ, तुमचा पाय चुकला नव्हता."

"मग?"

"मी बसवलेला कॅम पळण्यासाठीचा होता. त्याला हळू चालताच येत नव्हतं. आता जुना परत घातलाय."

"म्हणजे तुझी चूक झाली."

एवढ्यावर सुटता आलं असतं. भाऊंनी दार उघडून दिलं होतं. चूक कुणाचीही होते, चुकीला चहा पाजून माफ करता येतं. मैनुद्दीननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चूक नाही, भाऊ. मला आधीपासून माहीत होतं. रोहन तर पहिला घेऊ म्हणत होता, मीच तिसरा म्हणालो. मला एकदा तसलं इंजिन बांधायचं होतं. म्हणून तर त्या दिवशी पाठ दिली नाही. गुडघ्याला काही झालं नव्हतं."

रामदासभाऊंनी पेपरची घडी घातली. मग घडीची घडी घातली. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, ती आत जाईपर्यंत ते बोलले नाहीत.

"गुडघ्याचं मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, हा खोटं बोलतोय म्हणजे काहीतरी कारण असेल. विचारलं नाही. तुला कधी विचारलंय?"

"नाही."

"दादा अंथरुणावर होते तेव्हासुद्धा मला समजावत होते. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, पाय कुणाचाही चुकतो." ते थांबले. "त्यांना आता काय सांगू?"

माफी मागायचं मैनुद्दीननं वाटेत घोकलं होतं. पण तो शब्द इतका लहान वाटला, की त्यानं तो काढलाच नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तसंच येऊ दिलं.

रामदासभाऊ उठले. भिंतीला धरून त्यांनी चपला घातल्या, पायऱ्या उतरले आणि त्याच्या अंगावरून पुढे जाऊन गाडीत बसले. बसल्यावर हात खिडकीबाहेर काढला.

"किल्ली."

त्यानं दिली.

"पुढे हो."

मैनुद्दीन गाडीपुढे जाऊन उभा राहिला, बंपरला लागून, पाठ करून. मागे गिअर पडल्याचा ओळखीचा आवाज आला. तो चालू लागला. गल्लीत सकाळचं ऊन होतं, एक भाजीची हातगाडी होती, शाळेला निघालेल्या पोरी होत्या. त्या बाजूला झाल्या आणि बघत राहिल्या. मागे इंजिन मऊ बोलत होतं, इतकं मऊ की त्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. तो थोडा हळू झाला. गाडीही हळू झाली.

गल्लीच्या मध्यावर बंपर त्याच्या पोटरीला लागला.

जोरात नाही, पण लागला. इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता. मैनुद्दीन थांबला नाही आणि मागे वळलाही नाही, कारण वळायचं नाही अशी रीत होती. भाऊंनी मुद्दाम लावला असेल. तेवढा हक्क त्यांचा होता, त्याहून जास्तच होता. पण पाय खरंच चुकला असेल तर? उन्हाळ्यापासून क्लचला न लागलेला, चुकतो चुकतो म्हणून रोज स्वतःला बजावलेला पाय. या अल्लाह, मुद्दामच असू दे, असं पुटपुटत तो गल्लीच्या टोकाकडे चालत राहिला, आणि मागून गाडी त्याच्या चालीनं येत राहिली.